नऊ-नऊच्या चार ओळी

कंपनीचं पत्र सोमवारी सकाळी आलं आणि दुपारच्या जेवणाआधी तीन गिऱ्हाइकांनी फोनवरच नको म्हणून सांगून टाकलं.

बेळगावात खानापूर रोडला हेरेकरांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. साल अठ्ठ्याऐंशी. दुकान म्हणजे दोन खोल्या, त्यातल्या एकीत चप्पल बाहेर काढून जायचं, कारण आत दाखवायचं यंत्र होतं. वर्षभराच्या खटपटीनंतर हेरेकरांकडे पाच जणांनी नावं नोंदवली होती. अडतीस हजारांचं यंत्र आता सत्तेचाळीस हजारांना पडणार होतं. कारण पत्रात एका ओळीत उरकलं होतं: परदेशातून येणाऱ्या काही सुट्या भागांची टंचाई.

"संकेश्वरचा बाबगोंडा काय म्हणाला माहीत आहे?" हेरेकर फोन ठेवत म्हणाले. "म्हणाला, वाढलेल्या नऊ हजारात दोन म्हशी येत्यात. आता ह्याला काय उत्तर देऊ?"

सिद्राम कांबळेनं यादीतलं ते नाव खोडलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तो चार वर्षांपूर्वी इथं लागला होता. यंत्र विकायचा तोच आणि बिघडलं तर उघडायचाही तोच. उरलेली दोन्ही गिऱ्हाइकं निपाणीची होती आणि सिद्रामही निपाणीचा, म्हणून हेरेकरांनी त्यालाच पाठवायचं ठरवलं.

"समक्ष जा. समजावून सांग. ते दोघेही गेले तर ही एजन्सी मी बंद करणार."

दुसऱ्या दिवशी निपाणीच्या गाडीत बसल्यावर सिद्रामच्या मनात एक गोष्ट आली. बुकिंगच्या फॉर्मवर नाव, पत्ता, धंदा, घरात विजेचा दाब किती, हे सगळं विचारलेलं होतं. यंत्र कशाला पाहिजे, हे मात्र कुठंच विचारलेलं नव्हतं. तोंडीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. पैसे देतोय ना, मग देतोय, एवढ्यावरच सगळे खूश होते.

पहिल्यांदा तो कुंथुनाथ मगदुमांच्या वखारीत गेला. तंबाखूची वखार. फाटकातून आत पाऊल टाकलं की नाकात झिणझिण्या येतात. सिद्रामची आई, तानीबाई, याच वखारीत सतरा वर्षं तंबाखू निवडायला होती. तिचा डबा घेऊन तो लहानपणी यायचा तो फाटकापर्यंत. आज कुंथुनाथांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"तानीबाईचा तू न्हवं? बस की."

साठीच्या घरातल्या कुंथुनाथांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

"वाढला म्हणायचा दर."

"व्हय, अण्णा."

"आणि वाढंल?"

"सांगता येत न्हाय. टंचाई हाय म्हणत्यात."

सिद्रामला वाटलं, आता हेही नको म्हणणार. पण कुंथुनाथांनी पत्राची घडी घालून खिशात टाकली आणि म्हणाले, "मग आणखी तीन लिहून घे."

"तीन? वापरणार कोण, अण्णा?"

"वापरायचं एकच. बाकीची वखारीत ठेवतो. चढत्या दरात माल सोडायचा नसतोय. उंदीर लागतोय का त्याला?"

"वायर कुरतडतील."

"दमट हवेत टिकतंय?"

"दमट नको."

"आणि ठेवल्यावर मुरतंय का? म्हणजे वर्षानं चांगलं होतंय का?"

सिद्रामला हसू आलं, पण प्रश्न मनापासून विचारलेला होता. तो म्हणाला, "न्हाय, अण्णा. उलट हाय. वर्षानं ह्याच्यापेक्षा चांगलं येतंय आणि हे मागं पडतंय."

कुंथुनाथांनी खिशातलं पत्र परत काढून उलगडलं. मग म्हणाले, "जो माल ठेवून जुना होतोय, त्याचा दर वाढला कसा? नेमकं काय महागलं त्यात?"

"मेमरी महागली," एवढं सिद्राम म्हणाला. पण मेमरी म्हणजे काय, ती किती लागते, आणि तेवढीच का लागते, हे त्याला त्या खुर्चीत बसून सांगता येईना.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे पद्मावती उपाध्ये. जुन्या स्टँडजवळ माडीवर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. चौदा मशिनी, आणि सकाळी सहापासून खडखडाट. दहा वर्षांपूर्वी सिद्राम याच माडीवर टायपिंग शिकला होता. बाईंनी बोटावर पट्टी मारून त्याची करंगळी वळणावर आणली होती.

त्यांनी पत्र उभ्यानंच वाचलं.

"आधीच्यापेक्षा ह्यात जास्त काय आलंय, सिद्राम?"

"काही नाही, बाई. तेच यंत्र आहे."

"मग महागलं काय? पेटी? काच? की हे टायपायचं?"

"आतली मेमरी. तुम्ही टाइप केलेलं जिथं राहतं ती."

"तेच मला वर्षभर कुणी सांगेना. माझ्या मशिनीवर अक्षर मारलं की कागदावर उठतं. तुमच्यात कागदच नाही. मग अक्षर राहतं कुठं?" त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं. "हे यंत्र मी त्यासाठीच घ्यायला निघाले होते. मुलींना शिकवायचंय हे खरंच, पण आधी मला बघायचंय. तू असं कर, ते इथं घेऊन ये. महाग झालेली वस्तू मला डोळ्यांनी दाखव. मग हो की नाही ते सांगते."

हेरेकरांनी आधी कपाळाला हात लावला. पण पाचातली दोन नावं अजून खोडलेली नव्हती, म्हणून दुकानातलं दाखवायचं यंत्र रविवारी न्यायला त्यांनी परवानगी दिली. कंडक्टरनं दोन खोक्यांचं लगेजचं तिकीट फाडलं आणि कानडीतून विचारलं, टीव्ही काय? सिद्राम म्हणाला, तसंच काहीतरी. संकेश्वरपर्यंत मोठं खोकं मांडीवर आणि पुढं शेजारच्या आजोबांच्या मांडीवर, असं ते निपाणीला पोचलं.

येताना तो वखारीत निरोप देऊन आला होता. नेमकं काय महागलं, हे कुंथुनाथांनीही विचारलं होतंच. तेही काठी टेकत माडी चढून आले. क्लासच्या सात-आठ मुली मशिनी सोडून भोवती उभ्या राहिल्या.

आधी बाईंनी टाइप करून बघितलं. बोटं सरावाची, पण हलक्या कळांवर ती घसरत होती. काचेवर हिरवी अक्षरं उमटत गेली. चूक झाली तेव्हा सिद्रामनं एक कळ दाखवली आणि चुकलेलं अक्षर नाहीसं झालं. बाईंनी मुद्दाम आणखी तीन चुका केल्या आणि तिन्ही पुसल्या.

"आणि करंट गेला तर?"

"फ्लॉपीवर उतरवून ठेवलं असलं तर राहतं. नाहीतर जातं."

बाईंनी हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं. सिद्राम नको म्हणेपर्यंत काच काळी झाली होती. पुन्हा चालू केल्यावर त्यांनी लिहिलेलं काहीच आलं नाही. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. बाईंना मात्र वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"म्हणजे ऐकलंय, पण पाठ केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आता उघड."

सिद्रामनं वायर काढली, स्क्रू सोडवले आणि पत्र्याचं झाकण मागं ओढलं. आत हिरव्या बोर्डावर एका कोपऱ्यात काळ्या चिपा ओळीनं बसवलेल्या होत्या. एकेक चीप करंगळीच्या नखाहून थोडी मोठी, दोन्ही बाजूंना बारीक पाय. एका ओळीत नऊ, अशा चार ओळी.

"हेच महागलं?" कुंथुनाथ वाकून म्हणाले. "एवढंसं?"

"हेच, अण्णा."

"नऊ का?" बाईंनी विचारलं. "आठ नाहीत, दहा नाहीत."

"आठ चिपा माहिती धरतात. नववी राखणीला. आठांनी परत सांगितलेलं बरोबर आहे का, एवढंच ती बघते."

"आमच्यात आठ बायकांमागं एक मुकादम असतोय, तसंच की," कुंथुनाथ म्हणाले.

आईच्या बोलण्यातून सिद्रामला तो मुकादम चांगलाच ठाऊक होता.

बाई अजून ओळींकडेच बघत होत्या. "मघाशी मी दोन परिच्छेद टायपले. त्याला ह्यातल्या किती ओळी लागल्या?"

सिद्राम उत्तर द्यायला गेला आणि थांबला. कंपनी चारही ओळी भरून देत होती, म्हणून तोही चार ओळींचंच यंत्र विकत होता. कमी ओळींवर चालतं हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं. करून कधी बघितलं नव्हतं, कारण तसं मागितलंच नव्हतं कुणी.

"माहीत नाही, बाई," तो म्हणाला.

"काढून बघता येतंय का?"

यंत्र हेरेकरांचं होतं. एखादा पाय वाकला तर भरपाई पगारातून गेली असती. पण मेमरी किती लागते आणि तेवढीच का, हे दोन प्रश्न मंगळवारपासून त्याच्याही डोक्यात फिरत होते. त्यानं लहान स्क्रूड्रायव्हर घेतला, हात झाकणाच्या पत्र्याला टेकवला आणि मागच्या ओळीतली पहिली चीप हळूच उचलली. चंदना नावाच्या मुलीनं टाइपरायटरच्या रिबनची रिकामी डबी पुढं केली. अठरा चिपा डबीत गेल्या. बोर्डावरची बारीक बटणं बदलून त्यानं यंत्र चालू केलं.

सुरू होताना यंत्र आपली मेमरी मोजून आकडा दाखवतं. आकडा कमी आला, पण यंत्र चालू झालं. बाई टायपू लागल्या. काहीच फरक नव्हता.

"आणखी काढ."

पुन्हा बंद, पुन्हा स्क्रूड्रायव्हर. आता एकच ओळ उरली. यंत्र सुरू झालं. बाईंनी मुलींना नेहमी देतात तो उतारा टायपला. मग चंदनानं, मग दुसरीनं, असं करत पंधरा पानं भरली. कुणी पानं मोजत होती, कुणी भिंतीवरचं घड्याळ बघत होती. अकराव्या पानापासून मागचं पान बघायला वर गेलं की फ्लॉपीचा लाल दिवा लागून आत घरघर व्हायची आणि चार-पाच सेकंद वाट बघावी लागायची. तेवढाच काय तो फरक.

"चार सेकंद," बाई म्हणाल्या. "माझ्या मुलींना कागद चढवायला त्याहून जास्त लागतात. मला एक ओळ बास आहे. उरलेल्या काढून दर सांग. पुढं लागल्या तर त्या वेळी बसवता येतील ना?"

"येतील," सिद्राम म्हणाला. ते खरं होतं, कारण आत्ताच त्यानं आपल्या हातांनी बघितलं होतं.

कुंथुनाथ डबी हातात घेऊन बसले होते. त्यांनी ती हलवून बघितली, नाकाशी नेली.

"मग अख्ख्या पेट्या वखारीत कशाला ठेवू मी? महागलंय ते एवढंच हाय. बाईंच्या यंत्रातलं उरेल ते मला द्या. माझं एक यंत्र आहे तसं चार ओळींचं येऊ दे."

"अण्णा, मी सांगितलं तुम्हाला. हा माल मुरत न्हाय."

"ते बघू की. मला बी कळू दे."

हेरेकर सोमवारी आधी चिडले. कंपनी असं चालू देणार नाही, म्हणाले. मग सुट्या चिपांचा मुंबईचा दर फोनवरून काढला, कागदावर हिशेब मांडला, त्यात तोटा निघाला नाही तेव्हा शांत झाले. बाईंचं यंत्र वाढलेल्या दरापेक्षा बरंच खाली आलं. जुन्या दरापर्यंत नाही आलं, पण बाईंनी तक्रार केली नाही. दसऱ्यानंतर यंत्र माडीवर बसलं आणि पहिल्या तुकडीला अकरा मुली आल्या.

पुढच्या वर्षी टंचाई सरली आणि दर खाली आले. कुंथुनाथांचा अंदाज चुकला. सिद्राम त्यांचं यंत्र साफ करायला गेला तेव्हा त्यांनी तिजोरीतून बाईंच्या यंत्रातल्या चिपांची डबी काढून त्याच्यापुढं ठेवली.

"तंबाखू बिघडली की वासावरनं कळतंय," ते म्हणाले. "ह्याला वासच न्हाय बघ. माणसाला कळणार कसं?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर पाहिजे होतं, आणि दोघे त्यावर तासभर बोलत बसले. निघताना सिद्रामच्या ध्यानात आलं, की आपण ह्या खुर्चीत आता अवघडून बसत नाही.

ती गोष्ट आजूबाजूला पसरली. निपाणीत एका बाईनं कॉम्प्युटर उघडायला लावून नको ते काढून घेतलं, अशी. लोक दुकानात येऊन 'निपाणीसारखं' यंत्र मागू लागले. हेरेकरांनी नवीन फॉर्म छापून घेतला आणि सिद्रामच्या सांगण्यावरून त्यात एक रकाना वाढवला: कशासाठी पाहिजे.

एकदा चिकोडीचे एक वकील आले. त्यांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, विजेचा दाब लिहिला आणि त्या रकान्याशी येऊन पेन थांबवलं.

"इथं काय लिहू?"

"जे असेल ते, साहेब. त्यावर किती मेमरी लागेल ते ठरतं."

वकिलांनी काचेपलीकडच्या यंत्राकडे बघितलं.

"खरं सांगायचं तर मलाच माहीत नाही," ते म्हणाले. "म्हणून तर आलोय."

सिद्रामनं फॉर्म बाजूला ठेवला, त्यांना चप्पल काढायला सांगितली आणि आत नेलं.