झोंबणारं औषध

तबेल्यात सगळे त्याला उस्ताद म्हणत, आणि उस्तादच्या हाताला गुण आहे, यावर कुणाचं दुमत नव्हतं. चाळीस वर्षं घोड्यांची देखभाल केलेला माणूस. घोड्याचं पोट दुखणार हे त्याला आदल्या दिवशीच कळतं, असं लोक म्हणत, आणि त्यानंही ते कधी खोडून काढलं नाही. म्हणूनच भुरीची जखम काही केल्या भरेना, तेव्हा त्यानं खोट काढली ती दुसऱ्याच्या हातात.

भुरी ही राखाडी घोडी. ती जन्मली तेव्हा आधी उस्तादच्या मांडीवर पडली, मग गवतावर. कुंपणाच्या तुटक्या तारेत अडकून तिच्या पुढच्या पायाची कातडी गुडघ्याखाली वीतभर सोलून निघाली होती. टाके घालण्याजोगं काही उरलंच नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली, इंजेक्शनं दिली, तपकिरी औषध आणि पांढरं मलम हातात ठेवलं आणि बजावलं की औषध पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचं करायचं, त्यानं जखम धुवायची, मलमाचा पातळ हात द्यायचा आणि पट्टी बांधायची.

हे काम उस्तादच्या सुनेकडे आलं. तीही याच तबेल्यात कामाला होती. तिनं मगावर खिळ्यानं खूण केली, पाणी तिथवर, औषध झाकणानं मोजून. उस्ताद ते मोजमाप बघून हसायचा.

"सरबत करतेस की औषध?"

"डॉक्टरांनी असंच सांगितलंय, मामा."

"डॉक्टरांनी किती घोडे मरताना पाहिलेत?"

त्यानं एक पाहिला होता. तीस वर्षांपूर्वी एका तांबड्या शिंगराच्या खुरात खिळा घुसला. एवढ्याशा भोकाला कसलं औषध, म्हणून उस्तादनं खिळा उपटला, पाण्यानं पाय धुतला आणि विसरून गेला. दहाव्या दिवशी धनुर्वातानं शिंगराचा जबडा आवळला. पाण्याची बादली तोंडापुढे होती आणि त्याला पिता येत नव्हतं. दोन दिवस ते तसंच त्या पाण्याकडे बघत राहिलं, मग गेलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, हे ठीकच. उस्ताद तर तेव्हापासून ताकही उकळून घेत होता.

तेव्हा रोज पहाटे, सून यायच्या आत, तो पट्टी सोडायचा. बाटली थेट जखमेवर उपडी करायचा. भुरीचं अंग शहारायचं, पाय थरथरायचा. "झोंबतंय ना? म्हणजे लागू पडतंय," असं तिला सांगत तो पुन्हा पट्टी बांधून ठेवायचा. संपलेली बाटली दाण्याच्या पेटीमागे जायची आणि औषधाच्या दुकानातून नवी यायची. बाटली आपण वापरल्यापेक्षा भराभर संपते, असं सून दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा त्यानं तिला सगळ्यांसमोर झिडकारलं, "तू मला शिकवणार?" मग ती गप्प बसली. तबेल्याच्या मालकीणबाईंना मात्र त्यानं सहज सांगून ठेवलं की पोरगी औषधात पाणीच फार घालते.

विसाव्या दिवशी मालकीणबाई डॉक्टरांना घेऊन आल्या. "आज काय ते सांगा," त्या म्हणाल्या. "बरी होणार नसेल, तर मला तिला असं कुढत ठेवायचं नाही." याचा अर्थ उस्तादला कळला: सुई टोचून तिला कायमचं झोपवायचं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. जखमेच्या कडा पांढऱ्याफटक, मधलं मांस निस्तेज. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"पट्टी कोण करतं?"

"मी," सून म्हणाली.

"औषध पातळ करते म्हणे फार," मालकीणबाई म्हणाल्या.

"पातळ? हे भाजलंय. कडेनं नवी कातडी यायला बघते आणि कुणीतरी नुसतं औषध ओतून ती रोज जाळतंय."

सुनेनं एकदा सासऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "माझंच प्रमाण चुकलं असेल."

"मग उद्यापासून तू घोड्यांना हात लावायचा नाहीस," मालकीणबाई म्हणाल्या.

मगावरची ती खूण उस्तादला तिथूनही दिसत होती. चाळीस वर्षांचं नाव एका बाजूला होतं आणि ती खूण दुसऱ्या. तो लगेच बोलला असता तर बरं झालं असतं, पण नाही बोलला. सून तो मग उचलून दाराकडे निघाली, तेव्हा कुठे त्याचे पाय हलले. दाण्याच्या पेटीमागून त्यानं पाच रिकाम्या बाटल्या आणल्या आणि डॉक्टरीणबाईंपुढे मांडल्या.

"मी ओतलं. रोज. तिचं प्रमाण बरोबर होतं."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पाय चाचपला. "हाड, सांधा शाबूत आहे. मला पंधरा दिवस द्या. हे औषध बंद. उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी, वर मलम. सगळं हीच करेल. तुम्ही हात लावायचा नाही."

"मग मी काय करू?"

"काही नाही. तेच तुम्हाला जड जाणार आहे."

जडच गेलं. पंधरा दिवस उस्ताद पट्टीच्या वेळी दाराबाहेर बादली उपडी घालून बसला. आत पाण्याचा आवाज यायचा, सुनेचं हलकं बोलणं यायचं. भुरीची धडपड एकदाही ऐकू आली नाही, आणि हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

सोळाव्या दिवशी सुनेनं हाक मारली. "मामा, आत या. बघा तरी."

कडेनं बोटभर गुलाबी कातडी आली होती. ती सुई आता द्यावी लागणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याचे डोळे भरून आले. तो पुढे झाला, आणि भुरीनं कान मागे पाडून दुखरा पाय वर उचलला, पोटाशी घेतला.

उस्ताद जागीच थांबला. तिला जखमेची भीती नव्हती, त्याची होती. त्याच्या मांडीवर जन्मलेलं जनावर. तो मागे फिरला.

"जाऊ नका," सून म्हणाली. "तिथंच उभे राहा. हात उघडे ठेवा. रिकामे आहेत ते कळू दे तिला."

त्यानं दोन्ही तळवे पुढे केले. कितीही घासले तरी नखांच्या कडेचा तपकिरी रंग गेला नव्हता. "चुकलं माझं," तो म्हणाला. कुणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. दोघीही समोरच होत्या. सून पट्टी गुंडाळत राहिली. पुष्कळ वेळानं भुरीनं पाय खाली टेकवला. कान मात्र मागेच होते.

"आज एवढंच," सून म्हणाली. "उद्या परत या."