पहिल्या पानावरची पुजारीण

अल्हाजा मोदिनातनं मोबाइल टेबलावर आदळला, तशी टेबलावरची कात्री खाली पडली. तिची लेक सिंबियात ती उचलायला वाकली.

"कात्री राहू दे. हे वाच. मोठ्यानं वाच. मला इंग्रजी धड वाचता येत नाही, म्हणून तर तुझं फावलं."

सिंबियातनं फोन हातात घेतला. पडद्यावर तिच्याच ऑनलाइन दुकानाचं पान होतं. वर आईचा फोटो, कोपरापर्यंत निळे झालेले हात, मागे रंगाचे माठ. तो तिनंच काढला होता. खालची ठळक अक्षरं मात्र ती पहिल्यांदाच पाहत होती: 'निळीच्या देवीची शेवटची पुजारीण. तिनं मंतरलेलं प्रत्येक कापड वाईट नजर, आजार आणि शत्रू यांपासून तुमचं रक्षण करतं.'

"आता का गं जीभ टाळ्याला चिकटली?"

"इया, हे मी लिहिलेलं नाही."

"दुकान कुणाचं?"

"माझं."

"मग रस्त्यावरच्या माणसाला जाऊन विचारू मी?" अल्हाजा स्टुलावर बसली आणि लगेच उठली. "मक्केला जाऊन 'अल्हाजा' झालेली बाई मी. आज असलातूत, आपल्या रविवारच्या प्रार्थनासभेत, नमाज संपल्यावर त्या रिसिकातनं हे पान फोनवर सगळ्या बायकांत फिरवलं. तिच्या मँचेस्टरच्या लेकानं पाठवलं म्हणे. आणि म्हणते कशी, 'अल्हाजा, आमच्या सुनेला दिवस राहत नाहीत, एखादी फुंकर मारा की कापडावर!' हसल्या सगळ्या. ज्यांच्या खांद्याला खांदा लावून आयुष्यभर नमाज पढले, त्या हसल्या!"

सिंबियातचे कान तापले.

अबेओकुटा शहराच्या इटोकू बाजारात आता कारखान्यात छापलेलं अदिरे, म्हणजे निळं नक्षीदार कापड, ढिगानं मिळतं. कसाव्याच्या कंदाच्या खळीनं, कोंबडीच्या पिसानं एकेक रेघ काढून, मग निळीत बुडवून केलेलं खरं कापड त्या ढिगाशेजारी कुणी उलटूनही बघत नाही. म्हणून सिंबियातनं ऑनलाइन दुकान काढलं होतं. पण तिथंही तेच. सर्चमध्ये अदिरे लिहिलं की आधी छापील मालवाले यायचे, आणि तिचं दुकान पार आठव्या पानावर. शोधता शोधता तिचा स्वतःचाच अंगठा दुखायचा. शेवटी ती जिदेकडे गेली. दुकानं सर्चमध्ये वर आणून देणं हाच त्याचा धंदा. तिनं त्याला पासवर्ड दिला, फोटो दिले आणि सांगितलं, "काय करायचं ते कर, मला पहिल्या पानावर आण." त्यानंतर तिनं पाहिल्या त्या फक्त ऑर्डरी. ऑर्डरी येऊ लागल्या तेव्हा अल्हाजा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "कळली एकदाची लोकांना हाताची किंमत!"

तेच आता अल्हाजाच्याही मनात आलं असावं. तिचा आवाज एकदम खाली आला.

"म्हणजे माझं काम बघून कुणी घेतलंच नाही? मंत्र विकत घेतला त्यांनी?"

हे तिच्या ओरडण्याहून वाईट होतं. सिंबियातनं डोक्याला 'गेले'चं फडकं गुंडाळलं, घाईत ते वाकडं बसलं, आणि ती तशीच बाहेर पडली.

ओके-इलेवो भागातल्या ऑफिसात जिदे तळलेले गोड पफ-पफ खात बसला होता. जनरेटरची घरघर चालू होती. तिला पाहताच त्यानं तेलकट हात पँटला पुसले.

"आंटी! या, या. बघितलंत ना? तीन-तीन शोधांत आपण पहिले!"

"कुठल्या शोधांत?"

"'रक्षण करणारं कापड', 'आफ्रिकेची पुजारीण', आणि…"

"माझी आई पुजारीण आहे?"

जिदे हसला. "आंटी, असं मनाला लावून घेऊ नका. अदिरे कोण शोधतं? मूठभर लोक. आणि नजर कशी उतरवायची हे अख्खं जग विचारतं. लोक जे विचारतात त्याचं उत्तर आपण व्हायचं. मी दुसरं काय केलं?"

"खोटं केलंस."

"मग आलेल्या ऑर्डरीही खोट्याच का?"

ती आणखीच पेटली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. दुकानाच्या खात्यावर निरोप आला होता. बर्मिंगहॅमच्या क्लॉडेट नावाच्या बाईचा. तिनं तो वाचला, मग जिदेला ऐकू जाईल असा मोठ्यानं वाचला:

"'माताजी, तुमचं कापड मिळालं. परवा माझ्या मुलाच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. नर्स म्हणते, धुतल्याशिवाय कापड वॉर्डात आणता येणार नाही. धुतलं तर त्यातली शक्ती जाईल का? लवकर कळवा.'"

जिदेनं दुसरा पफ-पफ उचलला. "कळवा, धुवू नका म्हणून. धुतलं तर मंत्र उतरतो. म्हणजे पुढच्या वेळी नवीन घेतील."

सिंबियातच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवं निळीचं कापड पहिल्या पाण्यात रंग सोडतं, हे अबेओकुटात लहान पोरालाही ठाऊक असतं. ते तसंच त्या लेकराच्या अंगावर घालायला सांगत होता हा.

"ऊठ."

"काय?"

"खुर्चीवरून ऊठ म्हटलं!"

तिच्या तोंडाकडे पाहून तो उठला. ती त्याच्या जागी बसली. "एकेक पान दाखव. सगळी. त्यातलं एक जरी मागं ठेवलंस, तर तुझ्या आईचा फोटो लावून तिला चेटकीण करीन आणि अख्ख्या ओके-इलेवोत वाटीन."

तो दाखवत गेला, ती पुसत गेली. पुजारीण गेली, देवी गेली, नजर गेली, शत्रू गेले.

"उद्या परत आठव्या पानावर जाल, आंटी."

"नवव्यावर जाईन."

"आणि एक सांगतो, नंतर ओरडू नका." त्यानं मान खाजवली. "दुसऱ्या दुकानांनी ही पानं उचललीत. फोटोसकट. ती काही माझ्या हातात नाहीत."

"मग तुझ्या हातात आहे काय? दुसऱ्याच्या आईचं तोंड?" तिनं खुर्ची मागं लोटली. ती भिंतीवर आदळली, तसे शेजारच्या खोलीतले लोक डोकावले. ती त्यांच्यासमोरूनच निघून गेली.

घरी अल्हाजा खळ ढवळत होती. सिंबियातनं सगळं सांगितलं, क्लॉडेटचा निरोपही वाचला. ढवळणारा हात थांबला.

"तिला फोन लाव."

"मी लिहून कळवते ना."

"लाव म्हटलं."

अल्हाजानं आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं: बाई, कापड म्हणजे कापड. त्यात शक्ती नाही. मी पुजारीण नाही, रंगारीण आहे. गार पाण्यात मीठ घाल, पाणी निवळेपर्यंत धू, मगच पोराला दे.

पलीकडं ती बाई फुटली. शिव्या, रडणं, परत शिव्या. 'माझी आजी तुमच्याकडची म्हणून विश्वास ठेवला, आणि तुम्हीच लुटता?' सिंबियातनं फोन घ्यायला हात पुढं केला. अल्हाजानं तो झिडकारला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"फार बोलली का गं?" सिंबियातनं विचारलं.

"बोलायलाच हवं होतं. तिच्या जागी मी असते तर येऊन तुझं दार फोडलं असतं. पैसे परत पाठव. कापड तिच्याकडेच राहू दे." ती पुन्हा खळीकडं वळली. "पोराचं नाव मार्लन. दुआ करीन मी त्याच्यासाठी. ते लिहू नकोस हं कुठं, दुकानात."

दुकान आठव्या नाही, अकराव्या पानावर गेलं. ऑर्डरी जवळजवळ थांबल्या. सिंबियातनं प्रत्येक कापडाखाली स्वतः लिहायला घेतलं: नक्षीचं नाव, ती कशी काढतात, पहिल्या धुण्यात काय होतं. त्यानं दुकान मुंगीच्या पावलानं वर सरकत होतं. अल्हाजा काही रविवार असलातूला गेली नाही. मग एका रविवारी गेली आणि मुद्दाम रिसिकातच्या शेजारी बसली. काय बोलणं झालं ते तिनं घरी सांगितलं नाही. सिंबियातशीही ती कामापुरतंच बोलायची.

क्लॉडेटचा पुन्हा निरोप आला नाही. मार्लनचं काय झालं, ते कळलंच नाही.

एका सकाळी सिंबियातनं सर्चमध्ये आईचं पूर्ण नाव लिहिलं. पहिल्याच ओळीत कुठल्याशा अनोळखी दुकानात अल्हाजा उभी होती, कोपरापर्यंत निळी, आणि तिच्या फोटोखाली छापील कापडाचे गठ्ठे विकायला होते. 'शेवटची पुजारीण.' अशा दुकानांना तिनं आधीही तक्रारी लिहिल्या होत्या. दोघांनी फोटो काढून टाकला होता, बाकीच्यांनी साधं उत्तरही दिलं नव्हतं. तिनं दात आवळले, खुर्ची पुढं ओढली आणि पुढची तक्रार लिहायला घेतली.