हासळीखालचं

माझ्या नातीला, शिलाला, पहिलं लेकरू झालं, त्या साली आमच्या तांड्यात छातीचा फोटो काढायची मशीन आली. हिंगोलीकडच्या गोरेगावहून जीपनं आणलेली, हातात मावेल एवढी. फोटो पाहून छाती चांगली की वाईट, हे डॉक्टर नाही, मशीनच सांगणार होती.

"मामी, गळ्यातलं काढा," मशीनवाली ज्योती माझ्या बायकोला म्हणाली.

रुख्मिणीच्या गळ्यात लग्नातली हासळी होती, चांदीचं जाड कडं. तिच्या माहेरची रीत अशी, की नवरा जिवंत असेपर्यंत ती उतरवायची नाही.

"हे बसलेत की अजून धडधाकट," माझ्याकडं बोट करून रुख्मिणी म्हणाली. "हे गेले की ये, मंग काढते."

बायका हसल्या. ज्योतीला जबरदस्ती करवेना. तिनं हासळीसकट फोटो काढला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, नॉर्मल.

रुख्मिणी लगेच उठली. कितीतरी दिवस ती खोकत होती, आणि शिलाचं लेकरू सारा दिवस तिच्याच मांडीवर असायचं. म्हणून तर शिलानं तिला ओढत आणलं होतं.

मी पडद्याजवळ गेलो. फोटोत गळ्याखाली पांढरा पट्टा होता.

"हे काय, पोरी?"

"हासळी, बाबा."

"तिच्या खाली काय हाय?"

"ते न्हाई दिसत."

"मशीनला बी?"

"न्हाई."

"मंग नॉर्मल कशावरून म्हणून राहिली?"

"जेवढं दिसलं तेवढ्यावरून."

"मंग तसं सांगत काहून न्हाई? एवढं दिसलं, एवढं न्हाई दिसलं."

"तसं बोलायला तिला शिकवलंच न्हाई, बाबा."

"अन् चुकलं तर? जाब कोणाला विचारायचा, तुला का हिला?"

"यांना मशीनीची बी उलटतपासणी घ्यायची हाय!" रुख्मिणी दारातून म्हणाली.

ज्योती हसली नाही. उठून तिच्याजवळ गेली. "मामी, मी तुमचा मान ठेवला, पण फोटो अर्धाच निघाला. लेकरू तुमच्या मांडीवर असतं. हासळी काढायची का न्हाई, तुमीच ठरवा."

"मी सांगतो, काढ," मी म्हणालो.

"तुमच्या सांगण्यावर हाय व्हय माझी रीत?" रुख्मिणी फणकारली. मग शिलाच्या कडेवरल्या लेकराकडं बघत राहिली. "तुमी वढ्याच्या पल्याड जा. हाक मारल्याबिगर येऊ नका."

मी गेलो. पाठ करून तुरीत उभा राहिलो. एवढ्या संसारात तिचा मोकळा गळा मी कधी पाहिला नव्हता. कसा असेल, वळ पडला असेल का, असं मनात येत होतं. वळून पाहिलं नाही.

हाक आली तेव्हा हासळी पुन्हा गळ्यात होती. पडद्यावरची अक्षरं मात्र लाल. हिंगोलीला थुंकी तपासली, टीबी निघाला.

गोळ्या सुरू झाल्या, पण रोग जुना होता. रुख्मिणी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बाज टाकून बसायची आणि तिथूनच लेकराशी गप्पा मारायची. ते रांगत निघालं, की "ए शिला, धर गं त्याला," म्हणून ओरडायची.

लेकराला रोग लागला नाही. रुख्मिणी गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी वारली.