बिनआवाजाचे बाबा

धाकट्या भावाने बाबांचे सगळे व्हिडिओ पेनड्राइव्हवर भरून पाठवले आणि लेकीच्या डोक्याला ताप झाला. आईला मोबाइलवर धड दिसायचं नाही, म्हणून ते नव्या टीव्हीवर बघायचे होते. टीव्ही फाइलींची नावं ऐटीत दाखवायचा, पण बटण दाबलं की 'ही फाइल चालत नाही' म्हणून हात वर करायचा.

शेवटी टीव्हीच्या दुकानदाराने फाइली बदलून दिल्या. "चित्र येईल. आवाज मात्र टीव्हीला चालणारा नाही. तोही बदलायचा तर पेनड्राइव्ह उद्यापर्यंत ठेवा."

"राहू द्या," ती चटकन म्हणाली.

तिला आवाज नकोच होता. शेवटचा व्हिडिओ हॉस्पिटलातला. तो तिनेच भावासाठी काढला होता, आणि भाऊ अजून बघायला धजावला नव्हता. त्यात बाबा सांगत होते, आईला आत आणू नकोस. तेव्हा आई दाराबाहेर बाकावर बसली होती. लेकीने बाहेर येऊन तिला सांगितलं की डॉक्टर कुणालाच आत सोडत नाहीत. बाबा गेले. आईने वर्षभर त्या डॉक्टरला शिव्यांची लाखोली वाहिली आणि लेक मान खाली घालून ऐकत राहिली.

संध्याकाळी आई चष्मा पुसून, रिमोट मांडीवर घेऊन बसली. "आवाज कुठे गेला गं?"

"या टीव्हीला जमत नाही."

"असू दे. कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात कुठे काय ऐकू यायचं? आम्ही बायका एकमेकींचे ओठ बघूनच भांडायचो. मुकादमाला कळू द्यायचं नसलं, की तोंडावर हात."

गिरणीच्या गोष्टी ऐकतच लेक लहानाची मोठी झाली होती, आणि नेमकी हीच विसरली होती.

"आई, शेवटचा नको बघूस."

आईने तोच लावला. पडद्यावर बाबांचा चेहरा हातभर मोठा झाला. त्यांचे ओठ हलले, तसे आईचेही हलले. "तिला... आत आणू नकोस. मला शांत पडू दे."

आईने व्हिडिओ मागे नेला, पुन्हा बघितला. मग टीव्ही बंद केला.

"त्या डॉक्टरला मी काय काय बोलले," ती म्हणाली. "आवाज नाही म्हणूनच लावू दिलंस ना मला?"

लेकीला स्वतःची लाज वाटत होती. आई त्यानंतरही बराच वेळ काहीतरी पुटपुटत होती, पण तोंडावर हात धरून.