बादलीतला मासा

लेकीनं मुलगा पसंत केला होता. नोकरी चांगली, बोलणं मवाळ. पण घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तिच्या बापाच्या घशाखाली एक गोष्ट उतरेना. मुलगा शिकार करायचा, आणि आवडीनं करायचा.

"ज्याला जीव घेण्यात मजा वाटते, त्याच्या हाती पोर द्यायची?" डोळ्यावरचं भिंग काढत बापानं थोरल्या बहिणीला विचारलं.

"आणि तू दर रविवारी तळ्यावर काय करतोस? माशांची विचारपूस?"

"मासे निराळे, ताई."

"माशाला विचारलंयस कधी? त्या मुलाला एकदा सोबत ने. मग खुशाल नाही म्हण, मी तोंड उघडणार नाही."

 बाबांच्या होकाराशिवाय लेक लग्न करणार नव्हती.

रविवारी घड्याळजी आणि तो मुलगा तळ्यावर गळ टाकून बसले. पहिला मासा लागला. घड्याळजींनी सवयीप्रमाणे तो कोरड्या बादलीत टाकला आणि थर्मासमधला चहा ओतला. बादलीत धडधड चालू झाली. वीस वर्षं ते तो आवाज ऐकत चहा पीत आले होते.

"काका," मुलगा चाचरत म्हणाला, "त्याला आधी मारून टाकू का? तडफडतोय हो."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मुलानं सुरीच्या मुठीचा एकच घाव घातला, आणि बादली शांत झाली.

"एकदा माझा नेम चुकला, काका. हरीण जखमी होऊन पळालं. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. तोवर मला घास गेला नाही."

"तरी शिकार आवडते?"

मुलानं सुरी पुसून बाजूला ठेवली. "आवडते. खोटं कशाला सांगू? पण आता नेमाची खात्री नसेल तर बंदूक खाली ठेवतो. बहुतेकदा रिकाम्या हातानंच परततो."

घड्याळजी हातातल्या कपाकडे पाहत राहिले. चहा निवून गेला होता.

घरी बहीण दारातच उभी. "काय ठरलं?"

"तारीख काढा," ते म्हणाले. "आणि ताई, ती बादली मला आज बघवली नाही गं!"

मंडळी, शिकारीची आवड बरी की वाईट, याचा निवाडा करण्याइतकं शहाणपण आपल्यापाशी असेलच असं नाही. पण माणूस पारखताना त्याच्या छंदाच्या नावावर थांबू नये. हाती सापडलेला जीव तडफडत असताना तो काय करतो, ते पाहावं. आणि सुरुवात आपल्या बादलीपासून करावी.