तीन कप मैदा

ताईची नजर कमी झाली तेव्हा आधी गेले ते वजनकाट्यावरचे आकडे. तीस वर्षं ती घरच्या ओव्हनमध्ये केक भाजून विकत होती, सगळं माप ग्रॅममध्ये. मला म्हणाली, "तू गणिताची बाई. सगळं कपात बसवून दे. कप मला हातानं कळतो. पण प्रत्येक जिन्नस तीनदा भरून तोल हं."

तीनदा! जन्मभर शाळेत गणित शिकवलं मी, आणि ही मला कप भरायला शिकवणार. मी मैदा चाळला, चमच्यानं हलकेच कपात सोडला आणि एकदाच तोलला. एकशे दहा ग्रॅम. म्हणजे तिच्या केकच्या चारशे चाळीस ग्रॅमला चार कप. मोठ्या अक्षरांत कार्ड लिहिलं आणि 'चार' तिच्याकडून पाठ करून घेतलं.

पहिल्याच केकला ती म्हणाली, "मिश्रण घट्ट लागतंय गं."

"मैदा नवा आहे. आकडा चुकत नाही, ताई."

केक कोरडा ठणठणीत झाला. पुढचेही तसेच. गिऱ्हाइकं भली, तोंडावर कुणी बोललं नाही, फक्त पुन्हा फिरकली नाहीत. आठवड्यानं ताई म्हणाली, "माझा हातच गेला. डोळ्यांचं एवढं वाटलं नव्हतं."

त्याच दिवशी मी तिला मैदा भरताना नीट पाहिलं. कप सरळ डब्यात खुपसला, अंगठ्यानं दाबला, वरून बोट फिरवलं. लहानपणापासून ती असाच भरते, आणि मला ते ठाऊक होतं. ती आत गेल्यावर मी तिच्यासारखाच कप भरून तोलला. एकशे सत्तेचाळीस. तिचे चार म्हणजे माझे पाचाहून जास्त.

मग लगेच सांगावं की नाही? मी मूग गिळून बसले. पेन घेतलं, कार्डावर चारचे तीन केले आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. दुसऱ्या दिवशी ताईनं मोजलं, "एक, दोन, तीन, चार." कार्डाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. कशाला पाहील? पाठ मीच करून घेतलं होतं.

रोज ठरवायचे, आज सांगते. रोज दुसऱ्याच कामाला लागायचे. वर ताई म्हणायची, "तू किती खपलीस गं माझ्यासाठी." त्यापेक्षा तिनं थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

मला कळल्यापासून तेराव्या दिवशी जुन्या वस्तू घेणारा माणूस ओव्हन बघायला आला. तो टेपनं दाराची रुंदी मोजू लागला. ताई ओव्हनची काच पुसत म्हणाली, "मागची डावी बाजू जास्त तापते हो. ट्रे मध्येच फिरवावा लागतो, एवढं ज्याला द्याल त्याला सांगा."

मला ते ऐकवेना. "ताई, चार नाही, तीन कप," मी म्हणाले. "मी चाळून तोललं, तू दाबून भरतेस. चूक माझी आहे. तुझा हात शाबूत आहे."

तिचं फडकं थांबलं. "कधी कळलं तुला?"

"बारा दिवस झाले."

ताईनं त्या माणसाची माफी मागून त्याला परत पाठवलं. मग तीन कप मैदा घेतला. केक बाहेर आला तेव्हा तिनं मधोमध बोट टेकवलं. तो दबला आणि पुन्हा वर आला. ताईनं पदर डोळ्यांना लावला. मीही रडत होते, पण जवळ जायची हिंमत होईना.

"उद्या सगळी कार्डं नव्यानं करू," मी म्हणाले. "प्रत्येक जिन्नस तीनदा तोलते."

"नको," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "काट्यावरचे आकडे आता शेजारीण वाचील."

मी मान डोलावली. मग तिला ते दिसणार नाही हे लक्षात आलं आणि तोंडानं म्हणाले, "बरं."