शाबूत काच

तिने भेगेवर आडव्या बसवलेल्या काचेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट कापलं नाही.

तिने पुन्हा फिरवून पाहिलं. कड गुळगुळीत होती. गेल्या महिन्यात ही पट्टी बसवताना हेच बोट चांगलं खोल कापलं होतं आणि त्याचा व्रण अजून गेला नव्हता. पुलाच्या जिन्याच्या वळणावर, तुळई जिथे खांबावर टेकते तिथे, ती मान वाकडी करून उभी होती आणि येणारे-जाणारे तिला धक्के देत वर चढत होते.

काचेचं काम साधं असतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टरचा एकेक गोळा लावायचा, त्यात पातळ पट्टी आडवी बसवायची आणि ओल्या प्लास्टरवर खिळ्याने तारीख कोरायची. भेग रुंदावली की काच तडकते. काच शाबूत राहिली तर भेग जुनी आहे, वाढत नाही, असं समजून पुढच्या पुलाकडे जायचं. इथे काच शाबूत होती आणि तारीखही बरोबर तीच होती. पण गेल्या महिन्यात ज्या भेगेत कागद जेमतेम शिरत होता, तिच्यात आज तिच्या स्कूटरची किल्ली सहज गेली.

म्हणजे फुटलेली काच काढून कोणीतरी नवी लावली होती. तारखेसकट.

वर शाळा सुटल्याची धावपळ सुरू झाली. वस्तीतून पलीकडच्या शाळेत जायला हाच पूल जवळचा होता आणि पोरं कधी चालत जात नाहीत. त्यांची धडधड तुळईतून तिच्या तळहातापर्यंत येत होती. तिने हात काढून घेतला. जिना उतरताना तिने पुलाची देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराला मनातल्या मनात शेलक्या शिव्या घातल्या. पायथ्याशी कोनशिला होती, तिच्यावर क्लासच्या जाहिराती चिकटवलेल्या. सगळ्यात खालची ओळ तेवढी मोकळी राहिली होती. तिथे पूल बांधणाऱ्या अभियंत्याचं नाव हुद्द्यासकट कोरलेलं होतं. ते तिच्या वडिलांचं होतं.

कार्यालयात साहेबांच्या मागे भिंतभर पडदा होता आणि त्यावर शहरातल्या प्रत्येक पुलाचा, नाल्याचा, टाकीचा एकेक ठिपका. चांगल्याला हिरवा, बऱ्याला पिवळा, धोक्याला लाल. शहरात सावलीला झाड सापडत नव्हतं, पण हा नकाशा मात्र बाराही महिने हिरवागार. एखादा ठिपका लाल केला की पूल बंद करावा लागतो, पूल बंद केला की लोक ओरडतात आणि लोक ओरडले की वरून फोन येतो. त्यामुळे लाल रंगावर तशी वेळच येत नसे.

"काच फुटली आहे का?" साहेबांनी विचारलं.

"फुटली होती. कोणीतरी बदलली आहे."

"म्हणजे आत्ता फुटलेली नाही."

"साहेब, भेगेत किल्ली जाते."

"किल्ली कशाला घालता, मॅडम? तुम्हाला काच लावायला सांगितली होती."

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. तिचे कान तापले.

"कंत्राटदाराचं काम आहे हे. दुरुस्ती अंगावर येऊ नये म्हणून."

"असेलही. पण पुरावा नको? फुटलेली काच दाखवा, त्या क्षणी पूल बंद करतो. शब्द देतो."

साहेब हे अगदी मनापासून म्हणाले आणि तिला त्याचीच जास्त चीड आली. शब्द द्यायला त्यांचं काय जात होतं?

घरी पोचेपर्यंत तिचा राग उतरला नव्हता. तीन मजले ती दणादणा चढली. आई गेल्यापासून बाबा तिच्याकडेच राहत होते. आत्ता ते टेबलाशी बसून नातीच्या वह्यांना कव्हरं घालत होते, प्रत्येक कोपरा मापात दुमडून. चिमणी समोर बसून चिकटपट्टीचे तुकडे कापून देत होती.

"तुमच्या पुलावरची काच बदलली कोणीतरी," तिने पर्स खुर्चीत टाकली. "रोज पोरं नाचत जातात हो त्यावरून. इतका कसा निर्ढावतो माणूस? त्याच्या घरचं कोणी जात नसेल तिथून, म्हणून जमतं त्याला."

बाबांचा हात घडीवर थांबला.

"भेग वरवरची असेल. प्लास्टर फुगतं."

"तुळईत आहे, बाबा. किल्ली जाते आत."

दुमडलेल्या घडीवरून ते पुन्हा नख ओढत राहिले.

"आई, आम्ही पुलावरून जातच नाही," चिमणी म्हणाली. "आजोबा मला चौकातून नेतात. केवढं लांब पडतं माहितीये?"

"केव्हापासून?"

"केव्हाचेच. जिना चढून त्यांचे पाय दुखतात ना."

ती वडिलांकडे पाहत राहिली. या इमारतीला लिफ्ट नव्हती. दूध आणायला, पेपर आणायला, नुसतं खाली कट्ट्यावर बसायला बाबा दिवसातून कितीदा तरी तीन मजले चढत-उतरत होते आणि पायांबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

तिचा अंगठा आपसूक त्या व्रणावर गेला. ती चिमणीएवढी असताना बाबा मोरीत बसून काचेच्या पट्ट्यांच्या कडा ओल्या दगडावर घासत. ती विचारायची, कशाला एवढं घासता? ते म्हणायचे, उगाच दुसऱ्याचं बोट कापायला नको. आता पट्ट्या भांडारातून येत, तशाच लावल्या जात. कडा घासणारं कार्यालयात कोणी उरलं नव्हतं.

"चिमणे, आत जाऊन बस जरा."

मुलगी आत गेल्यावर तिने दार ओढून घेतलं.

"कडा घासल्यात तुम्ही," ती म्हणाली.

बाबांनी हातातली वही बाजूला ठेवली.

"एकदा बंद केला की पाडतातच," ते म्हणाले. "टाकी पाडली. मंडई पाडली. या शहरात माझं एवढंच उरलंय."

"आणि हिला लांबून नेलंत."

"हो."

"बाकीच्यांच्या मुलींचं काय, बाबा?"

तिचा आवाज चढला नाही. दुपारभर कंत्राटदारासाठी जमवलेले शब्द घशाशी आले होते आणि त्यातला एकही वडिलांना म्हणण्यासारखा नव्हता. नवल म्हणजे एकही खोटा ठरला नव्हता.

बाबा उठले. कपाटातून त्यांनी दोऱ्याने बांधलेली वर्तमानपत्राची पुडी आणली आणि तिच्यासमोर ठेवली. वर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'काच. जपून.'

"कचरेवाल्याच्या हाताला लागेल म्हणून टाकल्या नाहीत," ते म्हणाले.

तिला ती पुडी भिरकावून द्यावीशी वाटली. कचरेवाल्याच्या हाताची एवढी काळजी असलेला माणूस रोज सकाळी नातीचा हात धरून चौकातून लांबच्या वाटेने चालला होता. पण तिने दोरा सोडला. आत तडकलेल्या पट्ट्या होत्या, एक सोडून सगळ्यांच्या कडा गुळगुळीत. त्या एकीच्या धारेवर तपकिरी डाग वाळला होता. तो तिच्याच बोटाचा होता.

तिने साहेबांना फोन लावला.

"साहेब, फुटलेली काच मिळाली. एक नाही, तीन-चार आहेत."

फोन स्पीकरवर होता.

"कुठे मिळाली? कोणी बदलली होती?"

तिने फोन टेबलावर ठेवला, अर्धं कव्हर घातलेल्या वहीवर, आणि वही वडिलांच्या पुढ्यात सरकवली.

"मॅडम? ऐकताय ना? कोणी बदलली?"

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी फोन उचलला आणि आपलं नाव सांगितलं. पूर्ण नाव, कोनशिलेवर कोरलं आहे तसं, हुद्द्यासकट.